मार्च ते जून: नागपूरच्या घराचं वर्षभराचं बजेट कसं बसवायचं

आमच्याकडे मार्च लागला की खर्चाची रांगच लागते. आधी गहू, मग तूरडाळ, मग मिरची-हळद, मग कूलरची दुरुस्ती, मग एप्रिल-मे चं लाईट बिल, आणि हे निस्तरते न निस्तरते तोच जूनच्या शेवटी शाळा उघडतात म्हणजे फी, वह्या, गणवेश, बूट. बाकीचे आठ महिने घर बरं चालते आणि या चार महिन्यात उसनवारी होते, असं तुमच्याकडेही होत असेल तर हे तुमच्यासाठीच लिहून राहिली आहे. लग्न होऊन आली तेव्हा पहिले पाच-सहा वर्षं मला वाटायचं की आपल्याला पगारच पुरत नाही, मी साबण कमी वापर, दूध कमी घे, पोरांचं फळ बंद कर असं करत बसायची आणि तरी मे मध्ये हात रिकामाच. मग एकदा सासूबाई म्हणाल्या, "बाई, तू महिना पाहतेस, घर वर्षाचं असते." त्यांनी तीन पोरं एका मिलच्या पगारावर मोठी केली, त्यांना माहीत होतं. तेव्हापासून मी वही बदलली आणि खरंच फरक पडला.

वही कशी करायची ते सांगते. साधी दोनशे पानी वही घ्या, पहिल्या बारा पानांवर बारा महिन्यांची नावं टाका, आणि रोजचा हिशोब तिथे नका लिहू, तो मागे लिहा. या बारा पानांवर फक्त त्या महिन्यात येणारा मोठा खर्च लिहायचा, म्हणजे एप्रिलच्या पानावर गहू, जूनच्या पानावर शाळा, भाद्रपदात गणपती-महालक्ष्म्या, ज्या महिन्यात गाडीचा इन्शुरन्स येतो तो त्या पानावर. मागच्या वर्षी काय लागलं ते आठवून आठवून लिहा, बिलं सापडली तर अजून चांगलं. आम्ही पाच जणं, मी, हे, दोन पोरं आणि सासूबाई, आमचं मागच्या वर्षी मार्च ते जूनचं नेहमीच्या खर्चापेक्षा जास्तीचं असं निघालं: गहू ८,४०० रुपये, तूरडाळ ४,३००, मिरची-हळद-धने मिळून २,०००, कूलर १,५००, उन्हाळ्याचं वाढलेलं लाईट बिल ४,५००, आणि शाळेचं १५,३००. सगळं मिळून ३६,०००. बाराने भागलं की महिन्याला ३,०००. आकडा पाहून माझीच मला शांतता झाली, कारण ३६ हजार एकदम काढा म्हटलं तर कुठून काढणार, पण महिन्याला तीन हजार म्हणजे पगारातला एक ठरलेला वाटा झाला.

हे तीन हजार घरात डब्यात ठेवू नका. डब्यातले पैसे राहत नाहीत, कोणाचं लग्न निघते, कोणी पाहुणा येते. बँकेत एक वर्षाची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं) मार्च महिन्यात सुरू करायची, म्हणजे ती पुढच्या मार्चमध्येच हातात येते, अगदी गव्हाच्या तोंडावर. पगाराच्या दुसऱ्या दिवशीच खात्यातून कटेल अशी तारीख टाका. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती या कामाची नाही, ती पोरांच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवा. भिशी मी पण खेळते, पण भिशीत नंबर कधी लागेल त्याचा भरवसा नसते आणि गहू काही आपल्या नंबरची वाट पाहत नाही, म्हणून धान्याचे पैसे भिशीत नाही टाकायचे. पहिल्या वर्षी तीन हजार जमणार नाहीत, मलाही नव्हते जमले, हजाराने सुरू केलं होतं.

आता गहू. यावर जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात आणि सगळ्यात जास्त नुकसान पण इथेच होते. महिन्याला पिशवीतलं पीठ आणणं सगळ्यात महाग पडते, दर महिन्याला किराण्यातून दहा-वीस किलो गहू आणणं त्याहून थोडं स्वस्त, आणि वर्षाचा एकदम भरणं सगळ्यात स्वस्त. पोळ्या खाणारं पाच जणांचं घर असेल तर दिवसाला साधारण साडेसहाशे-सातशे ग्राम पीठ लागते, महिन्याला वीस किलो धरा, वर्षाचे दोन क्विंटल चाळीस किलो. नवा गहू मध्य प्रदेशातून आपल्याकडे मार्च शेवटाला यायला लागते पण गुढीपाडव्याची घाई करू नका, पहिल्या पहिल्या मालात ओल राहते. एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. शरबती छान असते पण महाग, आम्ही लोकवन भरतो, पोळी चांगली मऊ होते.

दुकानात गेल्यावर कोपरापर्यंत हात पोत्यात घालून पहा, आत थंडगार लागलं तर गव्हात ओल आहे. मग चार दाणे दाढेखाली चावा, कट्ट आवाज आला पाहिजे, दाणा दबला तर घेऊ नका. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे आधी पाच किलोच घ्या, दळून आणा, दोन दिवस पोळ्या करून पहा, सकाळची पोळी पोरांच्या डब्यात दुपारी कशी राहते ते पहा, मग बाकीचा सांगा. दुकानदाराला आधीच म्हणून ठेवायचं की हाच लॉट ठेव दोन दिवस. इतवारीच्या धान्य बाजारात आम्ही शेजारच्या तिघी-चौघी मिळून जातो, आठ-दहा क्विंटल एकदम म्हटलं की भाव पण तुटते आणि गाडीचं भाडं चौघींत वाटल्या जाते. कळमन्याच्या ठोक बाजारात भाव अजून कमी असते पण तिथे एका घरापुरता माल घेणं जमत नाही, पूर्ण गल्ली मिळून घेणार असाल तरच जा.

घरी आला की चाळायचा, निवडायचा आणि गच्चीवर दोन दिवस कडक ऊन द्यायचं. नागपूरचं ऊन एरवी जीव काढते पण या कामाला त्याच्यासारखं काहीच नाही. आता इथे माझ्या हातून जे झालं ते तुमच्या हातून होऊ देऊ नका. एका वर्षी मी दुपारी चार वाजता गच्चीवरून तापलेला गहू तसाच कोठीत ओतला, वरून घट्ट झाकण लावलं, मला वाटलं गरम असतानाच भरला तर किडे लागणार नाहीत. श्रावणात सोमवारच्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी पीठ संपलं म्हणून झाकण उघडलं तर आधी तो कुबट वास आला आणि मग पाहते तर वरच्या थरावर काळे सोंडे चालून राहिलेले. तापलेला गहू बंद कोठीत निवते तेव्हा आतल्या आत घाम सोडते, पत्र्याला पाणी सुटते, आणि त्या ओलीवर किडे वाढतात. निम्मा गहू गेला होता, मी त्या दिवशी रडली. म्हणून ऊन दिलेला गहू संध्याकाळी खाली आणायचा, खोलीत चादरीवर रात्रभर पसरून ठेवायचा, फॅनखाली पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि सकाळी सकाळी भरायचा. कडुनिंबाचा पाला टाकता तर तो सावलीत कुरकुरीत वाळवलेला पाहिजे, हिरवा पाला टाकला म्हणजे आपणच ओल टाकली. पावसाळ्यात झड लागलेली असताना कोठी उघडायची नाही, उघाड पडली की महिनाभराचा गहू एकदम काढून वेगळ्या डब्यात ठेवायचा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, गव्हात टाकायला म्हणून सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका. कोणी कितीही म्हणो की आम्ही दरवर्षी टाकतो, काही होत नाही. त्या गोळीला हवेतली ओल लागली की विषारी गॅस सुटते, बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव जाते. पाऱ्याच्या गोळ्या पण नको, पारा खाण्याच्या वस्तूत कशाला पाहिजे. तांदळाला बोरिक पावडर लावतात तेही मी सोडलं. वाळलेला पाला, नीट निवलेला दाणा आणि घट्ट झाकण, एवढ्यावर माझा गहू आता वर्षभर राहते.

तूरडाळीचं सोपं आहे. आपल्या विदर्भातली तूर जानेवारीपासून निघते, मार्च-एप्रिलपर्यंत नवी डाळ बाजारात असते, तेव्हा घ्या. आम्हाला महिन्याला तीन किलो लागते, कारण रोजचं वरण, आणि कधी फोडणीचं वरण तर कधी गोळाभात. डाळीला एक दिवस ऊन द्या, निवू द्या, मग परातीत घेऊन एरंडेल तेलाचा हात फिरवा, डाळ चकाकेल एवढंच, ओली नाही करायची. शिजवायच्या आधी दोन पाण्यानं धुतली की वास राहत नाही.

तांदळात एक गंमत आहे जी माझ्या फार उशिरा ध्यानात आली. जुना तांदूळ महाग विकल्या जाते कारण तो फुलते, मोकळा होते, आणि नवा स्वस्त असते कारण त्याचा गचका होते. मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भंडारा-गोंदियाकडचा नवा तांदूळ निघते तेव्हाच घेऊन घरी ठेवायचा आणि पावसाळ्यापासून खायला काढायचा, म्हणजे जुना तांदूळ नव्याच्या भावात पडला. हिवाळ्याचे महिने आधीच्या वर्षीचा संपवायचा. आम्ही एचएमटी खातो, बारीक आणि चवीला गोड. हा एचएमटी आपल्याच विदर्भातल्या दादाजी खोब्रागडे या लहान शेतकऱ्यानं शोधला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या निवडून निवडून त्यांनी हे वाण काढलं, २०१८ साली ते गेले. भात वाढताना मी पोरांना हे सांगते. बरोबर चार-पाच किलो कणी (तुकडा तांदूळ) पण आणून ठेवा, खिचडी, इडली, ढोकळा सगळं कणीचं होते, चांगल्या तांदळाची इडली करायची काही गरज नाही.

रेशनचं धान्य घ्यायला लाजू नका, तुमचं कार्ड त्यात बसत असेल तर तो हक्क आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो धान्य मिळते आणि २०२३ च्या जानेवारीपासून त्याचे पैसे पण लागत नाहीत. पाच जणांचे २५ किलो म्हणजे थोडं नाही. घरातल्या सगळ्यांचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेलं आहे का ते मात्र दुकानात विचारून घ्या, नाहीतर नाव कटते आणि मग फेऱ्या.

मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायची, भिवापूरची मिळाली तर रंग आणि तिखट दोन्ही चांगलं. देठासकट घेतली तर स्वस्त मिळते, दुपारी सासू-सून बसून देठं तोडली की झालं, हाताला आधी तेल लावा. ऊन देऊन कांडून आणायची आणि चिनीमातीच्या बरणीत हिंगाचे खडे टाकून ठेवायची.

भाजीचं गणित वेगळं आहे, ती साठवता येत नाही असं आपल्याला वाटते पण निम्मी येते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने नागपुरात भाजीची चैन असते, सांबार (कोथिंबीर) तर दहा रुपयाला हातात मावत नाही एवढा, टमाटर, वटाणे, मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, तुरीच्या शेंगा. या तीन महिन्यात पोट भरून भाजी खा आणि उरलेली वाळवा. हरभऱ्याची कोवळी भाजी सावलीत वाळवून डब्यात भरली की जून-जुलैत भाजी ऐंशी-शंभर रुपये किलो होते तेव्हा मूठभर भाजी, थोडं बेसन, लसणाची फोडणी, आणि भाकरी, दुसरं काही लागत नाही. टमाटर चिरून मीठ लावून गच्चीवर जुन्या सुती साडीवर टाका, तीन-चार दिवसात कडक होतात, मिक्सरमधून काढा, वरणात-रश्श्यात चमचाभर टाकली की आंबटपणा येते. तुरीचे सोले काढून एक वाफ देऊन फ्रीजरमध्ये. मुगाच्या वड्या होळीनंतर घालायच्या, त्या तर पावसाळ्यातली भाजीच आहे, आलू-वड्यांचा रस्सा केला की पोरं दुसरं काही मागत नाहीत.

कॉटन मार्केटला सकाळी लवकर जाऊन आठवड्याची भाजी आणली तर गल्लीतल्या ठेल्यापेक्षा बरीच स्वस्त पडते, पण जाण्या-येण्याचं पेट्रोल धरा. आमच्या मानेवाड्याहून एकटीनं जाणं परवडत नाही, दोघी एका गाडीवर गेलो तरच. नाहीतर आपल्या जवळच्या आठवडी बाजारात संध्याकाळी साडेआठनंतर जा, दुकानदाराला माल परत न्यायचा नसते. फक्त त्या वेळी पालेभाजी घेऊ नका, दिवसभर उन्हात मेलेली असते. कांदे, आलू, कोहळं, भोपळा घ्या. आणि बाया म्हाताऱ्या टोपलं घेऊन बसलेल्या असतात त्यांच्याशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये असं माझं मत आहे, त्यातून आपलं घर उभं राहत नाही.

गॅसचं थोडक्यात. सिलेंडर आला की त्यावर रंगानं लिहिलेलं रिकाम्या सिलेंडरचं वजन वाचा, त्यात १४.२ किलो मिळवा, आणि पोऱ्याला सांगून काट्यावर वजन करून घ्या, काटा आणणं त्याचं कामच आहे. आमच्याकडे एकदा अडीच किलो कमी भरला होता, तिथल्या तिथे बदलून घेतला. कड्याजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्ष असते, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून असं पुढे, ती सिलेंडरच्या तपासणीची मुदत, ती गेलेली असेल तर घेऊ नका. स्वयंपाकात डाळ अर्धा तास आणि चणे-वाटाणे रात्रभर भिजवले की शिट्ट्या निम्म्या होतात. वरण, भात, आलू एकाच कुकरमध्ये थरावर लावायचं, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. ज्योत पिवळी दिसून राहिली तर बर्नरची भोकं बुजली आहेत, टाचणीनं साफ करा, पिवळ्या ज्योतीत गॅस पण जास्त जाते आणि गंजाचं (पातेल्याचं) बूड काळं होते ते घासायला पावडर लागते ती वेगळी.

लाईट बिलात लोकांचा एक गैरसमज असते की १०० युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल महाग दरानं लागते. तसं नाही, घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर असे आहेत आणि वरच्या युनिटलाच वरचा दर लागते. पण याचा उलटा अर्थ पहा, तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात महाग टप्प्यातलं वाचते. म्हणून उन्हाळ्यात वाचवलेलं एक युनिट हिवाळ्यातल्या युनिटपेक्षा जास्त पैसे वाचवते. जुना फॅन ७५ वॅटच्या आसपास खाते, आपल्याकडे तो दिवसातले सोळा तास चालतेच, म्हणजे एका फॅनचे महिन्याला ३६ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा नवा फॅन, ३० वॅटचा, त्याचे साडेचौदा. आम्ही दरवर्षी एक असे तीन वर्षात तीन बदलले, जो सगळ्यात जास्त चालते तो आधी, म्हणजे सासूबाईंच्या खोलीतला. गिझर २,००० वॅटचा असते, अर्ध्या तासात एक युनिट. फेब्रुवारी शेवटापासून गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणीच एवढं तापलेलं असते की ते बादल्यांत काढून झाकून ठेवलं तर संध्याकाळी त्यानं आंघोळ होते.

कूलर म्हणजे नागपूरचा जीव. मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्री पण भिंती गरम, तेव्हा कूलरशिवाय राहा असं मी कोणाला म्हणणार नाही, पण एसीच्या कर्जात पडायच्या आधी कूलर नीट चालवून पहा. साधा घरगुती कूलर २०० वॅटच्या आसपास खाते, रात्रभर दहा तास चालला तर दोन युनिट. दीड टनाच्या एसीला तेवढे युनिट दोन तासात पण लागू शकतात. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून कूलर इथे मुंबईपेक्षा चांगला चालते, पाणी पटकन उडते आणि हवा थंड होते. मात्र ती हवा बाहेर जायला जागा पाहिजे. खूप जणांच्या घरी कूलर लावून बाकी सगळी दारं-खिडक्या बंद करतात, मग तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिक करते आणि म्हणतात कूलर काम करत नाही. कूलरची पाठ बाहेरच्या बाजूला, आणि समोरची खिडकी नाहीतर दार चार बोटं उघडं, एवढं करून पहा. मृगाचा पाऊस पडला की मात्र कूलरचा उपयोग संपला, तेव्हा पंप बंद करून नुसता फॅन चालवा.

कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) फेब्रुवारीतच बदला, एप्रिलमध्ये तापमान चढलं की ताट्यांचा पण भाव चढते आणि मिस्त्री हात लावू देत नाही. पंपाची जाळी आणि वरची पाण्याची नळी घरीच साफ करता येते, भोकांत क्षार बसते म्हणून पाणी एकाच बाजूला पडते आणि अर्धी ताटी कोरडी राहते, जुन्या टूथब्रशनं आणि लिंबाच्या सालीनं घासा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायचीच, डेंग्यूचा मच्छर अशाच साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसात तयार होते. ते पाणी फरशी पुसायला, बाथरूम धुवायला वापरा. आणि पाणी टाकायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढायचाच, पोरांना पण हे शिकवा, लोखंडी कूलरला करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं जातात. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन जे पैसे घेईल ते द्या, तिथे काटकसर नाही.

संत्र्याच्या साली फेकू नका. अंबियाची संत्री दिवाळीच्या आसपासपासून आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, असे दोन हंगाम आपल्याला मिळतात, त्या दिवसांत घरात सालींचा ढीग पडते. एक लिटर पाणी, तीनशे ग्राम साली, शंभर ग्राम काळा गूळ, हे प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत टाकायचं, वर चतुर्थांश जागा रिकामी. काचेच्या बरणीत नाही, गॅस होते, फुटते. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून फुस्स होऊ द्यायचं, मग आठवड्यातून एकदा, तीन महिन्यांनी गाळून घ्यायचं. फरशी पुसायच्या बादलीत अर्धी वाटी टाकलं की फिनाईल लागत नाही, ओट्यावरचं तेलकट निघते आणि घरात संत्र्याचा वास राहते. बरणीवर तारीख टाका. संडासच्या ॲसिडमध्ये किंवा ब्लीचिंगमध्ये हे मिसळायचं नाही.

सणांच्या बाबतीत मी एकच करते, त्या सणाची वस्तू एकदा चांगली घ्यायची आणि सांभाळायची. आमच्याकडचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल ह्यांच्या लहानपणचा आहे, एका चाकाची खीळ नवी आहे बाकी सगळा तोच. दरवर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी पोरगा आणि हे बसून त्याला रंग देतात, शिंगांना चमकी, पाठीवर माझ्या शिलाईतल्या उरलेल्या कापडाची झूल, जुन्या माळेचे मणी. शेजारचे दोन-तीन हजाराचा नवा बैल आणतात तेव्हा आधी पोरगा हिरमुसायचा, आता त्याचा बैल पाहायला दुसरी पोरं येतात. बोजारा (बैल घेऊन घरोघरी गेल्यावर पोरांना मिळणारे पैसे) मिळाला की त्यातले अर्धे पैसे त्याच्या खात्यात, अर्धे त्याच्या हातात.

शाळेची पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोरांकडून घ्या आणि आपली खालच्या वर्गाला द्या, एप्रिलमध्येच बोलून ठेवायचं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट डाउनलोड पण होतात, एखादं पुस्तक हरवलं तर नवं घ्यायची घाई नाही. औषधं रोजची लागणारी असतील, बीपी-शुगरची, तर डॉक्टरला विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या, सासूबाईंचं औषधाचं बिल आमचं निम्म्याहून खाली आलं. उन्हाळ्यात पोरांना जुलाब लागले आणि ओआरएसचं पाकीट घरात नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमच्यानं मोजून, आणि पोर सुस्त पडलं तर घरी बसायचं नाही, दवाखाना.

पोरांचं दूध, आठवड्यातली अंडी, हंगामातलं फळ आणि म्हाताऱ्या माणसाचं औषध या चार गोष्टींवर माझ्या वहीत काट मारायची परवानगी नाही. पैसे कमी पडले तर मी नवी चादर पुढे ढकलीन, बाहेरचा नाश्ता बंद करीन, तर्री पोहे घरी करीन, पण या चार नाही.

या वर्षी हातात एकदम गव्हाचे पैसे नसतील तर गव्हापासून सुरू करू नका, डाळीपासून करा. एक पत्र्याचा डबा, बारा किलो डाळ, चार महिन्यांची. ती संपेपर्यंत दर महिन्याला डाळीचे जे पैसे वाचतील ते बाजूला काढा, आणि त्यात थोडे मिळवून नोव्हेंबरमध्ये नवा तांदूळ घ्या. आमची कोठी पण तशीच आली, तिसऱ्या वर्षी, सेकंडहँड, झाकणाला पोचा पडलेली, तो पोचा ह्यांनी हातोडीनं ठोकून सरळ केला आणि आतून धुऊन दोन दिवस गच्चीवर तापवली, मग गहू भरला.